मराठी, कन्नड, इंग्रजी आकडे आणि थांबलेला माग

"चहा झाला, कप विसळून झाले, तरी माग उभाच," शारदाआक्का म्हणाल्या. "हे तुमचं सॉफ्टवेअर हाय का चिखलात बसलेली म्हस?"

आक्कांचं घर वडगावात. खालच्या मजल्यावर साड्यांचे माग. नव्या मागावर इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड बसवलेलं. नक्षीसाठी कुठला धागा वर उचलायचा हे जॅकार्ड ठरवतं. पूर्वी ते भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर चालायचं, आता कॉम्प्युटरवर. कॉम्प्युटरला नक्षी सांगायला बेळगावातल्या आमच्या छोट्या कंपनीनं एक प्रोग्रामिंग भाषा काढली होती. कंपनीनं म्हणजे मीच. तिचा इंटरप्रिटरही माझाच. इंटरप्रिटर म्हणजे दुभाष्या. लिहिलेली ओळ वाचायची आणि मशीनला समजावून द्यायची. दुभाष्या कशाला लागतो हे बेळगावात कुणाला सांगावं लागत नाही.

या भाषेत आकडे मराठी, कन्नड, इंग्रजी कसेही लिहिले तरी चालायचे. याचा मला भारी अभिमान होता. पण नक्षी बदलली की फाइल वाचून होईपर्यंत माग थांबायचा आणि मागावरची माणसं हात बांधून बसायची.

"मंगळवारपर्यंत नीट करा," आक्कांनी सांगितलं. "न्हाय तर हे उचला. मी दुसरं बघते."

ऑफिसात आमचे मालक हिरेमठ सर म्हणाले, "रेखा, आक्का गेल्या की सगळी गल्ली गेली. मग ही भाषा बंद. तू बिलिंग सॉफ्टवेअरवर बस."

काकतीहून रोज स्कूटरवर येताना मी याच भाषेचा विचार करत यायची. ती बंद झालेली मला बघवली नसती.

सरांनी आधीच आक्कांच्या कॉम्प्युटरला नवी रॅम घातली होती. ढिम्म फरक पडला नव्हता. आता त्यांचा दुसरा उपाय: "आकडे फक्त इंग्रजी ठेव. बाकीचं काढ. बेगा बेगा, भराभर पळेल बघ."

"सर, वेळ कुठं जातोय ते आधी बघू द्या की," मी जरा चढ्या आवाजातच बोलले.

मी प्रोफायलर लावला. प्रोग्रामचा वेळ कुठल्या कामात जातो हे तो दाखवतो. बघते तर जवळजवळ सगळा वेळ आकडे वाचण्यात! फाइलमध्ये ४१७ लिहिलेलं असतं, पण कॉम्प्युटरला ती तीन अक्षरं दिसतात. त्यांची संख्या करावी लागते: चार, मग चार दाहे चाळीस आणि एक एक्केचाळीस, असं पुढं. माझा इंटरप्रिटर मात्र प्रत्येक आकड्याची आधी नक्कल काढायचा, तक्त्यात एकेक अंक शोधून इंग्रजी करायचा आणि मग दशांश अपूर्णांक वाचणाऱ्या मोठ्या फंक्शनकडे पाठवायचा. धाग्यांचे नंबर ते! साडेतीनावा धागा कुणी उचलतं का?

मी नक्कल काढून टाकली. टिंब दिसलं तरच दशांशाकडे जायचं. तक्ताही गेला. कॉम्प्युटरच्या हिशेबी प्रत्येक अक्षराला एक क्रमांक असतो आणि प्रत्येक लिपीचे शून्य ते नऊ ओळीनं उभे असतात. अंकाच्या क्रमांकातून त्याच लिपीच्या शून्याचा क्रमांक वजा केला की उत्तर हातात. आकड्याचा पहिला अंक बघून लिपी ठरवायची आणि सुसाट सुटायचं.

मंगळवारी सर आणि मी वडगावात. आक्का कमरेवर हात ठेवून उभ्या. शेजारी त्यांचे डिझाइनर बसूअण्णा. फाइल लावली. पळाली, आणि मध्येच थांबली. स्क्रीनवर लाल ओळ: 'चुकीचा आकडा'.

"आयतु," सर पुटपुटले. संपलं म्हणे.

मी ओळ उघडली. एकाच आकड्यात पहिले दोन अंक मराठी, तिसरा कन्नड.

"हे कुणी लिहिलं?"

"आक्का मराठीत घालतात," बसूअण्णा शांतपणे म्हणाले. "चुकलेला तेवढा अंक मी कन्नडात बदलतो. सगळा आकडा कशाला मोडायचा?"

"एकच काय ते लिहा ना," सर म्हणाले.

आक्का उसळल्या. "का म्हणून? बारा वर्सं, वहीत लिहीत हुतो तवापासनं, आमी दोघं असंच करतोय. कदी भांडान झालं न्हाय!"

मला हसू फुटलं. त्यांचं बरोबरच होतं. सुताच्या गठ्ठ्यावर बसून मी लॅपटॉप मांडीवर घेतला. अंक चालू लिपीत बसला नाही, तरच बाकीच्या दोन लिप्या तपासायच्या. चार ओळींचं काम. असे मिसळलेले आकडे अधूनमधूनच येणार, त्यामुळं वेगाला धक्का नव्हता.

पुन्हा फाइल लावली. आक्का चहाला आत वळल्या आणि उंबऱ्यातच थबकल्या. मागे माग खडखडायला लागला होता.

"झालं व्हय गं?"

"झालं, आक्का."

"आत्ता गं बाई! बसूअण्णा, पदराची नक्षी लावा, पदराची!" ती नक्षीही तशीच धावली. मला तिथंच नाचावंसं वाटलं. आक्कांनी गल्लीतल्या दोन घरांना आमच्यासमोरच फोन लावला.

भाषा चालू आहे. बिलिंगवर दुसरं कुणीतरी बसलं. मी शिकले ते एवढंच: कोड ऑफिसात कितीही पळो, ज्यांनी ते वापरायचं त्यांच्या हातच्या फाइलवर पळालं तरच पळालं म्हणायचं. सर मात्र नव्या गिऱ्हाइकाला अजून सांगतात, "रॅम वाढवली, तेव्हापासून फरक पडला."