सेंटरसाठी बुटका

आमच्या दोन्ही घराण्यांत पावणेसहा फुटांच्या वर कुणी गेलेलं नाही. आमचा मुलगा मात्र दोन मीटर एक सेंटिमीटर झाला. कुठून झाला, देव जाणे. पुण्याला गेलो की सगळे माना वर करकरून बघतात, "अगंबाई, याला खायला काय घालतेस गं?" असं विचारतात. अमेरिकेतल्या एका छोट्या कॉलेजनं बास्केटबॉलसाठी बोलावून घेतल्यावर तर सगळ्या नातेवाइकांनी त्याला प्रोफेशनल करूनच टाकला. मीही टाकला होता. खोटं कशाला बोलू?

कॉलेज संपवून तो या उन्हाळ्यात जर्मनीत, बॉबलिंगेनला आमच्या घरी आला. कॉलेजात तो सेंटर खेळायचा. म्हणजे बास्केटच्या खाली उभं राहायचं, धक्के खायचे, धक्के द्यायचे आणि उडालेला चेंडू ओरबाडून घ्यायचा. एजंटनं फोनवर स्पष्टच सांगितलं की अमेरिका विसरा. इथे दुसऱ्या डिव्हिजनमध्ये थोडी आशा आहे, कारण पासपोर्ट जर्मन आहे आणि प्रत्येक टीमला काही खेळाडू जर्मन लागतातच. पण सेंटरसाठी उंची कमी पडते.

उंची कमी! मी फोनवरच हसले. मग हसू गेलं. सेंटर सोडून बाहेरच्या बाजूला खेळायचं तर पाय चपळ हवेत, लांबून नेम लागायला हवा, आणि ते याला कुणी शिकवलंच नव्हतं. शाळेपासून हा सगळ्यांत उंच, म्हणून प्रत्येक ट्रेनरनं याला उचलून बास्केटखाली नेऊन उभा केला. आता बाविसाव्या वर्षी काय डोंबल करणार? दूध पाजून वाढवायचं वयही गेलं.

आम्हाला आपली मुलांसाठी काहीतरी करायची सवय. गणित कच्चं असेल तर क्लास लावायचा, ॲडमिशन अडली तर ओळख काढायची. इथे नुसतं हात चोळत बसायचं. शेवटी एका क्लबनं त्याला आठवडाभर प्रोबेट्रेनिंगला बोलावलं, म्हणजे आमच्यात खेळून दाखव, मग बघू. ट्रेननं तासाभरावर. मुलगा म्हणाला, "हे नाही झालं तर मी बास्केटबॉल सोडणार." कॉलेजात त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. खालच्या लीगमध्ये वर्षानुवर्षं धडपडायला तो गुडघा पुरणार नव्हता.

नवऱ्याच्या डोक्यात एकच. "एकदा कोचला भेटून येऊ. शब्द टाकायला काय जातं?"

"अरे, ही काय आपली भावे आळीतली शाळा आहे का? बावीस वर्षांचा घोडा आहे तो!"

"मी कुठे वशिला लावतोय? नुसतं भेटायचं."

शेवटच्या दिवशी गेलोच. मी थालीपिठांचा डबा घेतला, म्हणजे मीही काही कमी नाही.

हॉलमध्ये कडेच्या बाकावर बसलो. त्याच जागेसाठी दुसराही एक जण आला होता, काटकुळा, आमच्या मुलाहून पुरता वीतभर उंच. त्याच्यापुढे आमचा ताडमाड मुलगा चक्क बुटका दिसत होता. जन्मात पहिल्यांदा. हा जीव खाऊन उडी मारायचा, घामानं निथळायचा, आणि तो लांबड्या नुसता हात वर करून चेंडू काढून घ्यायचा. मला इतका राग आला त्याचा! बिचाऱ्यानं काय केलं होतं माझं? पण आला.

ट्रेनिंग संपल्यावर नवऱ्यानं कोचला गाठलंच. हात मिळवला आणि ऑफिसातल्या जर्मनमध्ये सांगितलं, मुलगा फार मेहनती आहे. कोच हसून म्हणाला, "या, या, गेनाऊ," म्हणजे हो हो, बरोबर. तिथे थांबावं की नाही? पण आपल्यात मुलाचं कौतुक म्हणजे त्यानं काय काय सोसलं ते सांगणं. नवऱ्याला चेव चढला. "एवढं मोठं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टर नको म्हणत होते, तरी हा परत खेळायला उतरला! अजून थंडीत दुखतो, पण तोंडातून ब्र काढत नाही!"

कपाळ माझं! कोचचं हसू तसंच राहिलं, पण नजर गुडघ्याकडे गेली. मुलगा मागेच उभा होता, खांद्यावर टॉवेल टाकून. "पापा, कोम," चल म्हणून, एवढंच म्हणाला. परतीच्या ट्रेनमध्ये डबा कुणी उघडला नाही.

घरी आल्यावर मी नवऱ्याला नाही नाही ते बोलले. तो ऐकून घेत राहिला, त्यामुळे मला आणखीच भरून आलं. मग सुरू झालं वाट बघणं. जीव नुसता टांगणीला. नवरा धड जेवेना. "मीच घालवलं पोराचं," म्हणत घरभर फिरायचा. एकदा तर क्लबचा नंबर काढून बसला होता, गुडघा तितकासा दुखत नाही हे कोचला समजावून सांगायला. मी हातातून फोन काढून घेतला.

फोन आला तेव्हा मुलगा बाल्कनीत गेला. आत आला आणि म्हणाला, "नाही घेतलं. त्या दुसऱ्याला घेतलं."

नवरा ताडकन उठला. "माझ्यामुळे झालं रे. मी ते गुडघ्याचं बोलायलाच नको होतं. मी करतो त्यांना फोन, माफी मागतो, सांगतो की बापाला अक्कल नाही..."

मुलगा एरवी आम्हाला जर्मनमध्येच उत्तरं देतो. तेव्हा मात्र मराठीत बोलला, एकेक शब्द शोधत. "बाबा, गुडघ्याचं त्यांना आधीपासून माहीत होतं. रिपोर्ट मीच दिले होते. गुडघा चालेल म्हणाले. उंची कमी पडली."

"म्हणजे माझ्या बोलण्यानं..."

"काहीच फरक पडला नाही. तुझ्या हातात काही नव्हतंच."

बापाच्या मनावरचं ओझं उतरावं म्हणून सांगितलं त्यानं. मला वाटलं, नवरा आता सुटकेचा निःश्वास टाकेल. पण तो मटकन खुर्चीत बसला. इतके दिवस निदान चूक त्याची होती. चूक असली की माणूस माफी मागतो, फोन करतो, निस्तरायला बघतो. आता तेवढंही उरलं नाही. "मग आता मी काय करू?" त्यानं विचारलं, आणि विचारलं ते मुलालाच.

"माहीत नाही, बाबा," मुलगा म्हणाला आणि उभ्या उभ्या हमसून हमसून रडायला लागला. हायस्कूलपासून मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं. मी जवळ गेले. डोक्यावरून हात फिरवायला गेले, तर हात पोचेना.

"बस रे खाली," मी म्हटलं. तो बसला.