नुसतं एंटर

आमची स्पोमेंका दिवसभर यंत्राच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची, आणि त्याचाच पगार घ्यायची. काळ्या पडद्यावर प्रश्न उमटायचा, "जुने अहवाल कायमचे पुसू? हो की नाही?" मग ही बाई वाट्टेल ते टाइप करायची. हो, नाही, कधी सिरिलिक लिपीत, कधी लॅटिन लिपीत, मध्येच कांदा, मध्येच मेलेल्या नवऱ्याचं नाव. दवाखान्यासाठी बनवलेल्या प्रोग्रॅमला हो-नाही नीट कळतंय का, हे तपासणं तिचं काम. झ्रेन्यानिन शहरातल्या आमच्या या एवढ्याशा कंपनीत मी हिशेब बघते. मालक प्रेद्राग माझ्या बहिणीचा मुलगा, म्हणून मला कोणी हाकलत नाही. स्पोमेंकाचं तसं नव्हतं. पेन्शनला वर्षच उरलं होतं, आणि या वयात तिला दुसरीकडे दारात कोण उभं करणार?

एकदा तिने काहीच टाइप न करता नुसतं एंटर दाबलं. चाचणीचे सगळे अहवाल पुसले गेले. ती तडक प्रेद्रागकडे गेली.

"काही न बोलणाऱ्याचा होकार कसा धरतोस रे?"

"स्पोमेंकाबाई, दवाखान्यातल्या बायकांनीच मागितलंय तसं. दर वेळी हो लिहून बोटं दुखतात त्यांची. आणि पाहुण्याचा पेला रिकामा दिसला की आपण विचारत बसतो का? ओततोच ना!"

"ओततो. पण त्याने पेल्यावर हात ठेवला की थांबतो. इथे हात ठेवायला सवड कुठे दिलीस? कुणाचं तरी एंटर चुकून दाबलं जाईल आणि एखाद्याच्या छातीचे फोटो कायमचे जातील."

"तुम्ही तपासणीच्या कागदावर सही करा. सोमवारी द्यायचंय."

तिने सही केली नाही.

मी कॉफी घेऊन गेले. "अगं, कशाला पंगा घेतेस? वर्षभर तोंड मिटून काढ."

"तोंड मिटूनच तर घात झाला," ती म्हणाली. मग बुटांच्या कारखान्याचं सांगितलं. तिथे ती नि तिचा नवरा स्रेतेन दोघंही कामाला. कामगारांची सभा भरली, अध्यक्षाने विचारलं, 'कारखाना विकायला कोणाचा विरोध?' आणि मान वर न करताच म्हणाला, 'कोणाचा नाही. मंजूर.' "'माझा' असं अगदी ओठांवर आलं होतं गं माझ्या. स्रेतेनने बाही ओढली, मी बसून राहिले." कारखाना बंद पडला, स्रेतेनला पुन्हा काम मिळालं नाही. पिऊन पिऊन गेला. हे सांगताना ती रडली नाही. मीच रडले.

शुक्रवारी प्रेद्रागने सगळ्यांना बोलावलं, पेल्यांत रकिया, आमची फळांची दारू, ओतली. "प्रोग्रॅम आहे तसाच पाठवतोय. कोणाचा विरोध?" असं विचारत त्याने पेला उचललासुद्धा.

"माझा," स्पोमेंका उभी राहून म्हणाली.

मीही हात वर केला.

"मावशी, तू हिशेब बघ."

"हिशेबच बघतेय मेल्या! दोन झाले."

बाकीच्यांनी पेल्यांत माना घातल्या. कोणाचं घराचं कर्ज, कोणाची पोरं शिकतायत. मला कळतं सगळं, तरी एकेकाच्या कानाखाली जाळ काढावासा वाटला.

"विरोध एक," प्रेद्राग म्हणाला. "मंजूर."

दारापाशी गाठून त्याने तिला सोमवारपासून येऊ नका म्हणून सांगितलं. वर हसून पाठीवर हात ठेवला, निर्लज्ज मेला!

तिने खोलीतल्या सपाता आणि कॉफीचा कप पिशवीत भरला. मग पुन्हा खुर्चीत बसली. पडद्यावर तोच प्रश्न होता. तिने सावकाश 'नाही' टाइप केलं आणि एंटर दाबलं. खाली ओळ आली, 'रद्द. काहीही पुसलेलं नाही.'

मी तिचा कोट घेऊन उभी होते. ती त्या ओळीकडे बघत राहिली.

"बघ," ती म्हणाली, "हा तरी ऐकतो."