किल्लेदारणीला संवाद नाही

धामणगड नावाचं काही या जगात आहे, हे निर्मलाबाईंना लग्न होऊन कलकत्त्याला येईपर्यंत ठाऊक नव्हतं. त्या सोलापूरच्या. मुलगा कलकत्त्यातच जन्मलेला पण घर मराठी, कस्टममध्ये कायमची नोकरी, एवढ्या माहितीवर वडिलांनी त्यांना हावड्याच्या गाडीत बसवून दिलं होतं. भवानीपूरच्या त्या उंच छताच्या घरात आठवडा काढल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, की आपण कस्टमवाल्याच्या नव्हे, किल्लेदाराच्या घरात पडलोय. फक्त किल्ला तेवढा दूर सह्याद्रीत होता, आणि तोही ढासळलेला.

दिनकर देवडीकर दिवसभर खिदिरपूरच्या गोदीत जहाजांवरून उतरलेल्या पेट्या तपासायचे आणि संध्याकाळी घरी येऊन पाय धुतले, की गडावर चढायचे. म्हणजे तोंडानं. धामणगडावर पाच पिढ्या एक राज्य नांदलं. राज्य एवढंसं, की राजा गडावर शिंकला तर शिवेवरच्या माणसानं ‘जिवंत राहा’ म्हणावं. पण कथांना तोटा नव्हता. गडाच्या पोटात राजाचा घोडा कोंडलाय, तो अवसेला खिंकाळतो. धाकट्या राणीनं रागानं टाक्यात फेकलेली नथ अजून तळाशी चमकते, आणि जो ती काढायला उतरतो त्याला पाणी खोल खोल होत जातं. निर्मलाबाईंनी नव्या नवरीच्या धिटाईनं एकदा विचारलं होतं, यातलं खरं किती? दिनकरराव हसले होते. गड होता आणि तो पडला, एवढा इतिहास. मधलं सगळं आपण राखायचं, म्हणाले.

राखायची मुख्य गोष्ट होती ती भिवजीची. भिवजी देवडीकर गडाचा किल्लेदार. सूर्य बुडाला की दरवाजाला आगळ पडायची, ती उगवतीशिवाय निघायची नाही, धन्यासाठीसुद्धा नाही. वेढ्याच्या दिवसांत भिवजीचा मुलगा सोमाजी रसदीची खबर घेऊन परतला तो सूर्य बुडाल्यावर. मागून गनिमाच्या मशाली. त्यानं बापाला तीन हाका मारल्या. बापानं तिन्ही हाकांना आतून एकच उत्तर दिलं, उगवतीला ये. उगवतीला भिवजीनं आगळ काढली तेव्हा सोमाजी उंबऱ्याला डोकं टेकून पडलेला होता. गड पुढे महिन्याभरात पडलाच, पाणी संपून. पण दरवाजातून पडला नाही, हे देवडीकर मान ताठ करून सांगत.

“आणि त्याची आई?” निर्मलाबाईंनी तेव्हा विचारलं होतं. “ती कुठे होती?”

“असेल आत,” दिनकरराव म्हणाले होते. “तिचं काही सांगितलेलं नाही.”

मार्गशीर्ष वद्य अष्टमीला देवडीकरांच्या घरी ती संध्याकाळ पाळली जाई. सासऱ्यांच्या वेळी एकदा आगळ पडली की खरोखरच सकाळपर्यंत दार उघडत नसे. दूधवाला, डॉक्टर, कुणीही येवो. दिनकररावांनी त्यातली धार काढली. घरातल्या पोरानं बाहेर उभं राहून सोमाजीच्या तीन हाका माराव्यात, आपण आतून उत्तर द्यावं, मग निरांजन पेटवून स्वतःच्या हातानं आगळ काढावी आणि पोराला भाकरी-ठेचा वाढावा. आधी मुलगा उन्मेष हाका मारायचा, पुढे नात नूपुर. नूपुर न्यू टाउनमध्ये वाढलेली, शाळेत इंग्रजी, मैत्रिणींत बांगला. तिचं मराठी खुरडत चालायचं. पण सोमाजीच्या हाका मात्र ती अशा खणखणीत मारायची, की खालच्या मजल्यावरच्या शिप्रादी जिन्यात येऊन ऐकत बसायच्या. शिप्रादींना या सगळ्याची भारी गंमत वाटे. आमच्या आज्या-पणज्यांनी तुम्हा बर्गींच्या, मराठी लुटारूंच्या, भीतीनं दारं लावली, म्हणायच्या, आणि तुम्ही इथं येऊन कुणाच्या भीतीनं लावता?

आणखी एक रीत होती. कलकत्त्याला हिवाळ्यात दिवस लवकर मावळतो. पाच वाजतात तोवर शेजारीपाजारी सांजवेळेचा शंख फुंकून मोकळे. पण धामणगड पश्चिमेला. तिथं अजून तासभर उजेड. म्हणून त्या दिवशी घरातले सगळे दिव्याखाली बसून गडावरचा सूर्य बुडायची वाट पाहत. भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरात सूर्यास्ताची वेळ छापलेली असे, तीच खरी. “गडावर अजून ऊन आहे,” दिनकरराव म्हणायचे आणि खिडकीबाहेरच्या काळोखाकडे बघायचेसुद्धा नाहीत.

निवृत्तीनंतर ते सॉल्ट लेकला शिप्रादींच्या वरच्या फ्लॅटमध्ये आले, तेव्हा भवानीपूरच्या दाराची सागवानी आगळ बरोबर आणली. ती बसवून देताना सुतारानं विचारलं होतं, दादू, लॅचचं कुलूप आहे की, हे कशाला? दिनकररावांनी त्याला चहा पाजून भिवजीची अख्खी गोष्ट सांगितली. बांगलामध्ये. निर्मलाबाईंना तो दिवस पुन्हा पुन्हा आठवायचा, कारण त्यानंतर दिनकररावांनी एवढी लांब गोष्ट नीट शेवटापर्यंत कधी नेली नाही.

आधी गोष्टीतले दुवे निखळले, मग घरातले. उन्मेषला ते साहेब म्हणू लागले, सुनेला नमस्कार करू लागले. एका सकाळी निर्मलाबाईंनाच विचारलं, तुम्ही कुणाकडे आलात? त्यांनी बाथरूममध्ये नळ सोडून रडून घेतलं आणि बाहेर येऊन चहा टाकला. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हृदय नाजूक आहे, घाबरू देऊ नका, वाद घालू नका. एक नाव मात्र पक्कं राहिलं होतं. नूपुर आली की चेहरा उजळायचा. “नूपुर, ये,” एवढंच म्हणायचे, पण बरोबर म्हणायचे. त्या दोन शब्दांवर निर्मलाबाई आठवडा काढत.

म्हणून यंदाच्या अष्टमीला त्यांनी नूपुरला मुद्दाम बोलावलं. कॉलेज सुटल्यावर मेट्रोनं येते, कॅलेंडरच्या वेळेआधी पोचते, असं नूपुरनं कळवलं. निर्मलाबाई स्वयंपाकघरात भाकरी थापत होत्या. समोरच्या इमारतीत कुणीतरी शंख फुंकला, आणि बाहेरच्या खोलीत आगळ पडल्याचा आवाज झाला.

त्या पिठाच्या हातांनी धावल्या. दिनकरराव दाराशी उभे होते, इस्त्रीचा सदरा, डोक्याला जुनी काळी टोपी. दोन्ही तळवे आगळीवर.

“अहो, एवढ्यात कुठे? गडावर अजून ऊन आहे.”

“मला शेंडी लावू नका, बाई. बाहेर काळोख पडलाय.”

आयुष्यभर ज्यानं कलकत्त्याचा सूर्य मानला नाही, त्यानं आज तोच खरा धरला होता. निर्मलाबाईंनी कॅलेंडर दाखवलं. त्यांनी त्याकडे एखाद्या परक्या भाषेतल्या पाटीकडे बघावं तसं पाहिलं. तेवढ्यात दारावर थाप पडली आणि बाहेरून नूपुरचा खणखणीत आवाज आला.

“बाबा, आगळ काढा. सोमाजी आलोय.”

जिन्यातच आगळीचा आवाज ऐकून तिला वाटलं, खेळ सुरू झालाय. दिनकररावांनी उत्तर दिलं, शब्द तेच, पण आवाज नेहमीचा नव्हता. उगवतीला ये. दुसरी हाक. उगवतीला ये, यावेळी शेवटचं अक्षर तुटलं. मग तिसरी हाक, नूपुर ती नेहमी जीव ओतून मारायची: “बाबा, मशाली आल्या.”

आता निरांजन पेटायचं. दिनकरराव हलले नाहीत. त्यांनी पाठ वळवून आगळीला टेकवली आणि दाराच्या फटीकडे तोंड नेऊन कुजबुजत म्हणाले, “पळ, पोरा. तिथं थांबू नकोस. मला उघडता येत नाही रे.”

बाहेर नूपुर हसली. हे नवीन घातलं का आजोबा, असं काहीतरी म्हणाली. मग बराच वेळ आतून काही येईना, तेव्हा तिचा सूर बदलला. “आजोबा, आता खोला ना दार. मी दमली.”

“ऐकलंत?” ते निर्मलाबाईंना म्हणाले. त्यांचे डोळे वाहत होते. “दमलाय. पळत आलाय तो.”

त्यांची छाती भात्यासारखी वर-खाली होत होती आणि एक हात सदऱ्यावर आवळलेला. निर्मलाबाईंनी त्यांच्या खांद्याला धरून ओढून पाहिलं; पेट्या हलवून-उघडून कमावलेलं ते अंग अजून खांबासारखं होतं. उन्मेषला फोन करावा, तर तो न्यू टाउनहून येईतो काय होईल कुणी सांगावं. नूपुरला हाक मारून खाली शिप्रादींकडे जा म्हणावं, हे त्यांच्या अगदी ओठांवर आलं. आणि तिथंच त्या थबकल्या. पोरगी जिना उतरून गेली, पावलं थांबली, की या माणसापुरतं त्या बाजूला पोर मेलेलं असणार. ते उगवतीपर्यंत इथं उभे राहतील आणि त्यानंतर त्यांच्यासाठी उगवायचं काही उरणार नाही.

इतक्या वर्षांत या प्रसंगात त्यांना एकही वाक्य नव्हतं. निरांजनात तूप घालायचं आणि भाकरी गरम ठेवायची. त्यांनी पदराला हात पुसले.

“किल्लेदार, बाजूला व्हा.”

दिनकररावांनी मान वर केली. “हुकूम कुणाचा?”

“माझा.”

“तू कोण?”

“त्याची आई.”

ते पाहत राहिले. बाहेर नूपुर दाराला कान लावून असावी.

“तुला हुकूम द्यायचा अधिकार नाही,” ते म्हणाले, पण ‘बाई’ म्हणाले नाहीत.

“नाहीच. म्हणून तर तुमच्यावर बोल येणार नाही. सांगा सगळ्यांना, मी दार राखलं, बायकोनं उघडलं.”

“गड पडेल.”

“पडू दे. माझ्या हातून पडू दे.”

ते बाजूला झाले नाहीत. फक्त आगळीवरचा त्यांचा तळवा सैल पडला. निर्मलाबाईंनी त्यांच्या काखेखालून हात घालून आगळ सरकवली, लॅच फिरवलं आणि दार त्यांच्या पाठीसकट ओढलं, तसे ते दोन पावलं आत आले.

उंबऱ्यावर नूपुर उभी. पाठीवर सॅक, गळ्यात लोंबणारे इयरफोन, चेहरा पांढराफटक. दिनकररावांनी तिला दंडाला धरून आत घेतलं. तिचे खांदे चाचपले, सॅकखाली हात घालून पाठ चाचपली, मग हात दिव्याकडे धरून रक्त आहे का पाहिलं.

“कुठे लागलं नाही ना?”

नूपुरनं आजीकडे पाहिलं. आजोबा ‘नूपुर, ये’ म्हणतील म्हणून ती थांबली होती. ते म्हणाले नाहीत. याच्या पुढचा संवाद कुणी लिहिलेला नव्हता.

“नाही, बाबा,” ती म्हणाली. “नाही लागलं.”

निर्मलाबाईंना त्या क्षणी दोन्ही गोष्टी एकदम कळल्या. दिनकररावांचा श्वास खाली बसला होता. आणि घरातलं शेवटचं नाव गेलं होतं. स्वयंपाकघरात नूपुरनं आजीच्या खांद्यात तोंड खुपसून विचारलं, की आता आजोबा मला कधीच ओळखणार नाही का? निर्मलाबाईंनी तिला खोटं सांगितलं नाही. आधी खाऊन घे, म्हणाल्या.

दिनकररावांनी त्या संध्याकाळी दार लावू दिलं नाही. उघडलं ते उघडलं, आता लावून काय, म्हणून खुर्ची ओढून जिन्याकडे तोंड करून बसले. डास आत येऊ लागले, गारठाही. शिप्रादी काय झालं म्हणून वर आल्या. एरवी चेष्टा केल्यावाचून न राहणारी ती बाई काही न विचारता स्वतःची शाल दिनकररावांच्या गुडघ्यांवर घालून गेली. निर्मलाबाई पाट घेऊन त्यांच्या पायाशी बसल्या.

“पडला ना गड?” दिनकररावांनी विचारलं.

“पडला.”

“आणि पोर?”

“आत आहे. जेवतंय.”

त्यांनी थोडा विचार केला. जिन्यातून कुणी येतंय का, ते पाहिलं. “मग असू दे,” म्हणाले.

थोड्या वेळानं त्यांनी पुन्हा तेच विचारलं, मग पुन्हा. प्रत्येक वेळी गड नव्यानं पडे आणि प्रत्येक वेळी तितकंच दुखे. निर्मलाबाईंना ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. त्या दर वेळी आधी पोराचं सांगू लागल्या, मग गडाचं.