किराईत नेमका कोणता?

आईला किराइताचा काढा हवा होता आणि तो द्यावा की नाही हे ठरवायचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात सगळ्यात मोठ्या पडद्याचा मोबाइल माझा.

हा काढा इतका कडू, की एक थेंब जिभेवर ठेवला तर सासरचे सगळे नातेवाईक एकदम आठवतात. माझी मावशी, म्हणजे आईची धाकटी बहीण, दापोड्याला राहायची. तिच्या अंगणात किराईत माजलेला असे. ताप आला, पोट बिघडलं, पोरगं परीक्षेत नापास झालं, सगळ्यांना तोच काढा. मावशी गेल्या वर्षी गेली. अंगणावर गोदाम उभं राहिलं. परवा मावसभाऊ गोदामाच्या भिंतीमागून एक जुडी उपटून घेऊन आला.

"उकळ," आई म्हणाली.

"आय, तुझ्या रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत. जरा बघू दे मला."

"तुझ्या मोबाइलला काय ठावं? त्यानं कदी पिलाय?"

मी ऐटीत चष्मा चढवून 'किराईत' टाइप केलं. पहिल्याच व्हिडिओतल्या महाराजांनी मधुमेह, मूळव्याध आणि टक्कल एका चमच्यात संपवलं आणि लगेच बाटली दाखवली. दुसरीकडे माहिती बरी वाटली, पण फोटोत हिमालयातली कसलीशी काडी. आमच्या जुडीशी तिचं काही जमेना. शोधता शोधता कळलं, की किराईत या एकाच नावाने दोन वेगळ्या वनस्पती फिरतात. मी मघापासून दुसरीचीच कुंडली वाचत होतो.

मग मी आमची पानं आणि जांभळ्या ठिपक्यांची इवलीशी पांढरी फुलं पडद्यावरच्या फोटोंशी ताडून पाहिली. शास्त्रीय नाव सापडलं: अँड्रोग्राफिस पॅनिक्युलाटा. ते टाकल्यावर दुकानदार बरेच मागे पडले आणि संशोधनाची रुक्ष पानं उघडली. कोणी काय तपासलं, किती लोकांवर, पैसे कोणी दिले, मजकूर शेवटचा कधी सुधारला, सगळं खाली लिहिलेलं. इतक्या वेळा 'कदाचित' मी लग्नाच्या बैठकीतही ऐकलेलं नाही. पण त्या 'कदाचित'वरच माझा विश्वास बसला. त्यांतलं एक आमच्यासाठीच होतं: रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांसोबत घेतल्यास रक्तस्राव कदाचित वाढू शकतो, डॉक्टरांना विचारा.

ते लांबलचक नाव मी डॉक्टरांपुढे कीर्तनकाराच्या थाटात म्हटलं. ते म्हणाले, "गोळ्या चालू आहेत तोवर नको."

घरी येऊन मी आईला सगळं हातवारे करून सांगितलं. टक्कलवाल्या महाराजांची नक्कलही केली. ती हसली नाही.

"बरं व्हायला कुटं मागते मी?" ती म्हणाली. "बरं व्हायला गोळ्या हायेत."

माझे हात हवेतच राहिले.

"उकळ तरी," ती म्हणाली. "पिनार न्हाय."

मी पातेलं चढवलं. कडू वाफ स्वयंपाकघरभर पसरली, घशात उतरली. आईने पेला दोन्ही हातांत धरला, नाकापाशी नेला आणि वाफ सरेपर्यंत तशीच बसून राहिली. मग पेला माझ्यापुढे केला.

"तू पी. सांग, तिच्यासारका झालाय काय?"

मी घोट घेतला. डोळ्यांत पाणी आलं.

"नाही गं. मावशीचा जास्त कडू व्हायचा."

"व्हयाचाच," आई म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर अगदी समाधान होतं.