तीन हातांची मनुबाई

केरबाची पूजा लय दिस ओढ्याकडनं, मागल्या वाटंनं वडूजला जात-येत हुती. सरळ वाटंवर एस्टीचा थांबा लागतो, आन् थांब्यावर त्यो फ्लेक्स हुता. त्याच्या खालनं जायाची तिची छाती हुईना.

पूजा वडूजात फोटूच्या दुकानात कामाला. लगनं, डव्हाळजेवनं, समदं काढती. पोरगी हुशार, पन नवं काय शिकली की पाय जमिनीला लागायचं न्हाईत. गेल्या उन्हाळ्यात ती मोबाईलवर बघून बघून एचडीआर शिकली. त्ये कसं, तर कॅमेरा तिपायीवर गच्च ठिवायचा आन् एकाच जाग्यावरनं तीन फोटू काढायचं. एक काळपट, एक बरा, एक पांढराफेक. काळपटात उनातलं नीट येतं, पांढऱ्यात घरातला आंधार उजळतो. मग कम्प्युटरवर तिन्ही एकात मिसळायचं. आमटीत तिखट-मीठ बेतानं घालत्यात, तसं.

पयला फोटू तिनं बापाच्या गोठ्याचा काढला. आत म्हस, भायेर रखरखीत ऊन. म्हशीच्या पापण्या बी दिसत्यात आन् लांब डोंगरावरची पवनचक्की बी.

केरबा बघतच ऱ्हायला. "आयला, इकत घेताना बी मी हिला येवडी न्याहाळली न्हवती!"

म्हशीची शेपटी तेवडी पुसल्यागत झाली हुती. माश्या हाकलत हुती ना ती. पन शेपटीकडं कोन बघतंय?

त्याच उन्हाळ्यात गावातल्या मनुबाईचा ल्योक जयराज लष्करातनं रिटायर हून येनार हुता. आपल्याकडं रीतच हाय, फौजी घरी आला की उघड्या जीपमधनं मिरवनूक, हलगी, गुलाल, थांब्यावर फ्लेक्स. आन् दारात आई भाकरतुकडा ओवाळून टाकती, मगच त्यानं उंबरा वलांडायचा.

मनुबाई आदल्या दिशी पूजाकडं आली. पदराला हात पुसत म्हनली, "पूजा, ह्या बारीला मी दिसंन का गं?"

"म्हंजी वो काकी?"

"जयराज भरती झाला तवा दारात काढल्याला फोटू हाय. त्यो उनात लख्ख, आन् मी उंबऱ्याच्या आत निस्ता आंधार. त्याच्या लगनात बी तसंच. सुना इचारत्यात, आत्याबाई कुठंयत ह्यात?"

"काकी, तुमच्या नाकातल्या चमकीचा खडा दिसंल असा काढते. शब्द हाय माझा."

म्हातारी हरकली. नवं लुगडं नेसली.

मिरवनूक दारात आली ती ऐन दुपारी. जयराज उनात हुबा, छातीवर पदकं, डोस्क्यात गुलाल. मनुबाई उंबऱ्याच्या आत, एका हातात भाकरीचा तुकडा, एका हातात पान्याचा तांब्या. पूजानं तिपायी रोवली. मनुबाई ल्येकावरनं तुकडा फिरवाया लागली.

"काकी, हात जरा थांबवा!"

"ओवाळताना हात थांबवत्यात व्हय गं?"

आन् थांबवला न्हाईच. ल्येकाकडं बघितलं, तुकड्याकडं बघितलं, डोळं पुसलं, तुकडा लांब भिरकावला. तेवड्यात पूजाचं तीन फोटू झालं.

पोरं घाई करत हुती, फ्लेक्स सांजच्याला लागाया पायजे. पूजानं फोटू मिसळला. जयराजची पदकं झळाळत हुती. आतली उतरंड, फळीवरचं डबं, समदं सपष्ट. तिची नजर त्या डब्यांवरच फिरली. बारक्या पडद्यावर मनुबाई काय तिनं निरखली न्हाई. फोटू धाडला, आन् सांजच्या सत्काराचं फोटू काढायला जागा पायजे म्हनून तिन्ही मूळ फोटू पुसून बी टाकलं.

सकाळी थांब्यावर ही गर्दी. फ्लेक्सवर जयराज राजावानी. आन् मनुबाईला तीन हात, तिन्ही हातात भाकरी, तांब्याचा हात गायब, आन् तोंडाच्या जागी धूर. धुराआडनं उतरंडीतली गाडगी दिसत हुती.

च्याच्या गाड्यावरनं पप्पू वरडला, "पूजा, मनुकाकीची देवी केलीस की गं! पन देवीला तोंड तर ठिवायचं!"

"तीन हातानं भाकरी थापती म्हनून तर सैपाक लवकर हुतो त्यांचा," दुसरा म्हनला.

पूजा तिथनं सटकाया बघत हुती. वळून बघती तर मनुबाई मागंच हुबी, डेअरीला चाललेली, हातात दुधाची किटली. लय येळ वर बघत ऱ्हायली. मग म्हनली, "जयराज झ्याक आलाय." येवडंच. आन् गेली.

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या दिसापासनं पूजानं ओढ्याची वाट धरली. दुकानात कोन मोठ्यांदी हसलं तरी तिला वाटायचं, आपल्यालाच हसत्यात.

शेवटी राहवंना, तवा गेली मनुबाईच्या दारात. मान खाली.

"काकी, माझं चुकलं. तीन फोटू हुईस्तवर मानसानं हालायचं नसतं. म्हशीची शेपटी पुसली तवाच मला दिसलं हुतं, मी मनावर घेतलं न्हाई. साधा एक बी काढून ठिवला न्हाई तुमचा."

जयराज आतनं आला. "मग त्यात काय? मी भायेर जातो, आये, तू परत ओवाळ."

"खोटं ओवाळत न्हाईत, बाबा," मनुबाई म्हनली. "त्यो तुकडा त्या दिसाचा हुता. गेला त्यो."

पूजाच्या डोळ्यातनं टपकन पानी पडलं.

"आता रडून काय हुतंय? बसल्याला काढ. ह्यो काय आता बॉर्डरवर चाललाय?"

मायलेक उंबऱ्यावर बसलं, पूजानं तीन फोटूंसाठी परत तिपायी रोवली. जयराज फौजीच, दगडागत बसला. मनुबाईला दम कुठला! कवा माशी, कवा पदर, कवा कोंबडी हाकल.

"आये, सावधान!" जयराज वरडला, तशी म्हातारी हसाया लागली, आन् त्यो फोटू बी वाया गेला.

लय खटपटीनं एक साधला. पूजानं ह्या बारीला पयल्यांदा मनुबाईचं तोंड बघितलं, मग बाकीचं. चमकीचा खडा सुदिक आला हुता. ल्येकाच्या गुडघ्यावरचा तिचा हात तेवडा धुरागत. त्यो काय तिला थांबवता आला नसंल.

मनुबाईनं फोटू डोळ्याजवळ धरला. "हां. ही मी."

पन ओवाळतानाचा फोटू न्हाई त्यो न्हाईच. आन् फ्लेक्स उतरवला तवा मनुबाईनंच मागून न्हेला, कडब्याच्या गंजीवर टाकाया. पूजा आता सरळ वाटंनं जाती, पन ती गंज वाटंलाच हाय. एकदा कोन न्हाई बघून तिनं फ्लेक्स पालथा घातला.

दुसऱ्या दिशी बघती तर पुन्हा उताना, वर दगूड. मनुबाई गोठ्यातनं म्हनली, "रंगाची बाजू वर ठिवावी, पोरी. पानी गळत न्हाई."

पूजा "व्हय काकी" म्हनली आन् खाली बघत एस्टीकडं गेली.