दुपारनंतरची पाळी

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते विचारू नका.

कुंभारीच्या पुढे आम्हा दोघा भावांची जमीन, मधे एकच सामायिक विहीर. विजेचे खांब रस्त्यालाच संपतात, म्हणून पंप सोलरवर. त्याच्या प्लेटा माझ्या बांधाला. सकाळी त्यांचं तोंड पूर्वेला असतं, दुपारी हाताने पश्चिमेला फिरवावं लागतं. पाणी सकाळी माझं, दुपारनंतर थोरल्या दादाचं. प्लेटा दादाच फिरवायचा. तो गेला आणि वहिनी एकटीने शेत बघू लागली. तो लोखंडी सांगाडा काही तिला हलेना. मी म्हटलं, मी आहे की.

पहिल्यांदा प्लेटा फिरवायला खरंच विसरलो — देवाशपथ! पण आता शपथेला काय किंमत? ऊन प्लेटांच्या पाठीवर गेलं, पंप मंदावला, तिच्या वांग्यांना करंगळीएवढी धार गेली. विहिरीत उरलेलं पाणी दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या उसाला मिळालं. आणि ते बघून मला बरं वाटलं. हो, बरं वाटलं — हेच सांगायला इतकी वर्षं जीभ उचलत नव्हती.

मग विसरणं संपलं. मधे माझा उभा ऊस, तिला प्लेटा दिसायच्या नाहीत. ती पलीकडून हाक मारायची, "भावजी, प्लेटा फिरवल्या का?" मी लिंबाखाली बसल्या जागेवरून ओरडायचो, "फिरवल्या की!" अख्खा उन्हाळा.

वांगी वाळली. वहिनी चिंचोळी एमआयडीसीत कामाला लागली, शेत तिने विश्वासाने मलाच कसायला दिलं. आता तिच्या रानालाही मीच पाणी देतो — म्हणजे दुपारी प्लेटा फिरवणं आलंच. रोज. सांगाड्याला हात लावला की तिची हाक कानात येते. शेत परत देऊन सुटावं म्हटलं, तर तिच्या हातीही पाणी पुरेल आणि ती विचारणार, मग तेव्हा का नाही पुरलं? काय सांगू? आणि नाही दिलं, तर रोजची दुपार आहेच. लाज वाटते, तरी हात थांबत नाही.

सुट्टीला ती येते, बांधावर बसून पाटातलं पाणी बघत राहते. परवा म्हणाली, "तुमच्या हाताला लई गुण हाय, भावजी. माझंच नशीब फुटकं, व्हय की न्हाय?"

मी "व्हय" म्हणालो, आणि प्लेटा फिरवायला गेलो.