सहाणेवर काय उगाळलं

आमचे हे शिवरात्रीनंतर बदललेच. बिर्ला नगरात बंद मिलच्या मागे एक बाबा बसायचे, तिकडे जाऊ लागले. घरी आले की डोळे एवढाले, आणि बोलणं आमच्याशी नाही, भिंतीशी. विचारलं की म्हणायचे, "तू नहीं समझेगी, आतलं दार उघडतं." मी आठवी शिकलेली, मला नाही कळत दारं. पण दार उघडलेल्या माणसाचं तोंड इतकं कोरडं का पडतं, तांब्याभर पाणी घटाघट का लागतं, हे खटकायचंच. खिसे हुंगायची मी यांचे. सापडायचं काही नाही.

मग एका सकाळी सासूबाईंनी पोरीला बाळगुटी दिली. ग्वाल्हेरात पिढ्या गेल्या तरी आमच्यात ही रीत आहेच, हळकुंड, बदाम, मुरडशेंग, सगळं सहाणेवर माझ्याच दुधात उगाळायचं. थोड्या वेळानं बघते तर पोर लालबुंद, अंग तव्यासारखं, आणि हवेतलं काहीतरी पकडतेय, हसतेय.

हे म्हणाले, "बघ, दर्शन होतंय तिला."

मी तिचे डोळे बघितले. काळेच काळे. बापासारखे!

"अहो, सहाणेवर काय उगाळलंत तुम्ही?"

"काही नाही."

"काय उगाळलंत?"

"बाबाजींचा प्रसाद आहे. नाव घ्यायचं नसतं."

सासूबाई ओरडल्या, "मेल्या, माझ्या हातनं काय पाजलंस तिला?"

टेम्पोत मी पोरीला छातीशी धरून, सासूबाई शेजारी, हे समोर. दवाखान्यात डॉक्टरीणबाई सारखं विचारतायत, "क्या खिलाया है? बताओ, तभी तो इलाज होगा!" आणि हे फरशीकडे बघतायत. बाबाला वचन दिलेलं ना! पोर माझ्या हातात फडफडतेय, वाटलं आता गेली.

सासूबाईंनी यांची कॉलर धरली. "तुझा बाबा येणारे का हिला खांदा द्यायला? बोल!"

तेव्हा तोंड उघडलं. "धतूरे के बीज. कल घिसे थे. पत्थर धो दिया था मैंने."

डॉक्टरीणबाई पोरीला घेऊन आत पळाल्याच.

दुसऱ्या दिवशी ती रडली, भुकेनं, चांगला टाहो फोडून. मी पाजायला घेतलं, तर हे दारात उभे. "जरा घेऊ का तिला?"

मी पदर ओढून घेतला. म्हटलं, "आधी हात धुवा. आईंच्या समोर."

सासूबाई उठून नळापर्यंत गेल्या यांच्या मागे.